व्हिसा नाकारला! पुढे काय?

मुलगी लग्न करून मेलबर्न-सिडनीला जायची असली, की घरात हॉल, दागिने आणि बस्ता यांची चर्चा महिनोन् महिने चालते. व्हिसाची चौकशी मात्र बहुधा जावईबापूंवर सोपवलेली असते. तो नाकारला गेला की मग धावपळ! 'लग्न खरं, मग नकार कसा?' असं जो तो विचारतो.

ऑस्ट्रेलियाचा कायदा नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर थांबत नाही. तो चार गोष्टी पाहतो: दोघांचा पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, चारचौघांत जोडपं म्हणून वावरता का आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. घरकाम कसं वाटून घेता हेसुद्धा त्यात येतं बरं का! आपल्याकडे नवी सून सासरी राहते, विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर, खर्चाला पैसे रोख. संसार खरा, पण कागदावर काहीच नाही. तिथेच घोडं पेंड खातं.

नकारानंतरची पहिली पायरी म्हणजे ट्रायब्युनल. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्याच्या जागी 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल' आलं आहे. बायको भारतात असेल तर हा अर्ज सहसा तिथल्या नवऱ्याने करायचा असतो. इथे सगळं प्रकरण नव्याने पाहतात, नवे पुरावे चालतात. जे असेल ते इथेच मांडावं.

ट्रायब्युनलनेही 'नाही' म्हटलं, तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात दाद मागता येते. पण इथेच अनेकींची समजूत चुकते. तुमचा संसार खरा की खोटा, हे कोर्ट ठरवत नाही आणि व्हिसाही देत नाही. ते एवढंच पाहतं, की निकाल कायद्याला धरून दिला का? म्हणणं मांडायची नीट संधी दिली का? २०१७ साली फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की नियमात दिलेल्या प्रत्येक बाबीचा विचार झालाच पाहिजे. अशी मोठी चूक सापडली तर निकाल रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा ट्रायब्युनलकडे जातं. म्हणजे जिंकलात तरी मिळते ती नवी सुनावणी. हरलात तर सरकारचा कोर्टखर्चही बहुधा आपल्याच माथी येतो.

मुदत आहे ३५ दिवसांची, तीही निकालाच्या तारखेपासून. पत्र हाती पडल्यापासून नव्हे! उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटावं लागतं आणि दाव्यात दमही दिसावा लागतो.

एवढं मात्र जरूर करा:

• लग्नानंतर लगेच बँकेत जोडखातं उघडा. पैसे हाती देण्याऐवजी खात्यातून पाठवा.

• पत्रिका, फोटो, प्रवासाची तिकिटं, फोनवरचे निरोप तारखेनुसार एका फायलीत ठेवा.

• सरकारी पत्र आलं की त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा.

• कोर्टात गेलं म्हणजे तिथे राहण्याचा परवाना आपोआप चालू राहतो, असं धरून चालू नका. त्याची वेगळी चौकशी करा.

• सल्ला तिथल्या वकिलाचाच घ्या आणि पहिल्याच आठवड्यात घ्या. 'कोर्टातून व्हिसा मिळवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

फाईल फक्त नवऱ्याकडे नको. तिची एक प्रत तुमच्या कपाटात असू द्या. अर्ज दोघांच्या संसाराचा आहे, मग त्यात काय लिहिलंय हे आपल्यालाही ठाऊक हवं, नाही का?