बॅटरी उन्हाळ्यात बिघडते, हिवाळ्यात कळते

डिसेंबरातली पहाट. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर किल्ली फिरवतो, पण स्टार्टर नुसता घरघरतो आणि थांबतो. ‘थंडीनं बॅटरी बसली,’ असे सारेच म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. थंडीत इंजिनातले तेल दाट होते आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. पण बॅटरी दुबळी झालेली असते ती बहुधा आधीच्या उन्हाळ्यात. थंडी फक्त तिची परीक्षा घेते.

हे कसे घडते? वाहनांच्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या जाळ्यांवर सक्रिय पदार्थ लिंपलेला असतो आणि या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. विद्युतप्रवाह देणाऱ्या क्रियेबरोबरच काही नको असलेल्या क्रियाही आत चालू असतात. धन पट्टीची जाळी हळूहळू गंजते, पाणी कमी होते, बॅटरी आपोआप उतरते. तापमान वाढले की या सगळ्यांचा वेग वाढतो. तापमान आणि क्रियेचा वेग यांचा संबंध स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये सूत्रात मांडला. बॅटरीपुरता ढोबळ नियम असा, की तापमान सतत १० अंश सेल्सिअसने जास्त राहिले, तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणजे २५ अंशांना चार वर्षे टिकणारी बॅटरी ३५ अंशांना सुमारे दोनच वर्षे टिकेल.

आता इंजिनाकडे वळू. इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बॉनेटखालची हवा त्यामुळे बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापते. गंमत म्हणजे, गाडी थांबवल्यावर काही काळ ही हवा आणखी तापते! पंखा थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो, पण तापलेले लोखंड उष्णता सोडतच राहते.

मग बॅटरी इंजिनापासून दूर का ठेवू नये? बहुतेक मोठ्या ट्रकांत तसेच करतात. बॅटऱ्या केबिनच्या मागे, चासीच्या बाजूला, पेटीत बसवलेल्या दिसतात. तिथे वारा लागतो आणि पाणी टाकायलाही सोपे जाते. मात्र या दुराव्याची किंमत मोजावी लागते.

इथे ओहमचा नियम आठवा. स्टार्टर शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. ५० चौरस मिलिमीटर छेदाच्या ३ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.००१ ओहम असतो. ३०० अँपिअर प्रवाहाला तिच्यात ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. तारेची लांबी दुप्पट केली, तर ०.६ व्होल्ट. तूट कमी करायची तर तार जाड हवी, म्हणजे तांबे जास्त, खर्च जास्त. अनेक अवजड ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट घेतात. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि त्याच तारेतील ऊर्जेचा अपव्यय चौथाईवर येतो. त्यामुळे बॅटरी दूर ठेवणे परवडते.

छोट्या मोटारींत जागेच्या अडचणीमुळे बॅटरी बहुधा बॉनेटखालीच राहते. काही मोटारींत तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण असते. पण आवरण उष्णता उशिरा पोहोचवते, कायमची अडवत नाही. दिवसभर धावणाऱ्या गाडीत त्याचा उपयोग मर्यादित.

वर्गासाठी एक उपक्रम: विद्यार्थ्यांना जवळच्या गॅरेजमध्ये न्या. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, मोटार यांत बॅटरी कुठे आहे, स्टार्टरपर्यंत तार किती लांब आहे, याची नोंद करायला सांगा. बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली, हेही मालकांना विचारा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि आतले आम्ल त्वचा भाजते. म्हणून जवळ काडी पेटवू नये, तिला हात लावू नये.

नोंदी हाती आल्या, की विद्यार्थ्यांनाच विचारा: बॅटरीची तपासणी थंडी सुरू झाल्यावर करावी, की उन्हाळा संपताच?