मैत्रीची घोषणा आणि तहाची भाषा

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत भाषेच्या एका उपेक्षित व्यापाराकडे लक्ष वेधले. 'मी वचन देतो' हे वाक्य कशाचेही वर्णन करीत नाही. ते उच्चारणे म्हणजेच वचन देणे होय. मात्र असा उच्चार सफल व्हावयाचा तर बोलणाऱ्यास अधिकार हवा, प्रसंग उचित हवा आणि ऐकणाऱ्याने तो त्याच अर्थाने घ्यावयास हवा. राजनीतीची भाषा बव्हंशी अशाच उच्चारांची असते. 'सिव्हिलायझेशन' या संगणकीय खेळातील परराष्ट्रव्यवहार भाषाभ्यासकाने निव्वळ करमणूक म्हणून बाजूस सारू नये, तो यासाठी.

१९९१ साली सुरू झालेल्या या खेळमालेची सहावी आवृत्ती २०१६ साली निघाली. तीत खेळणारा एका संस्कृतीचा अधिपती होतो. इतर अधिपतींशी त्याला मनास येईल ते बोलता येत नाही. शिष्टमंडळ धाडणे, मैत्री जाहीर करणे, निषेध करणे, युद्ध पुकारणे अशा ठराविक उक्तींतून निवड करावी लागते. मैत्री जाहीर झाली की नेहमीच्या गतीच्या खेळात ती ३० फेऱ्या टिकते, आणि त्या अवधीत मित्रावर युद्ध पुकारण्याची सोयच उरत नाही. २०१८ च्या पुरवणीने युतीचे लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक व संशोधनविषयक असे पाच प्रकार आणले. परंतु मैत्रीवाचून युती नाही. २०१९ च्या पुरवणीत गाऱ्हाणी अंकांनी मोजली जाऊ लागली. सीमेजवळ वसाहत न करण्याचे वचन मोडले की हे अंक वाढतात आणि कालांतराने ओसरतात.

येथे ऑस्टिनच्या अटी पाळण्याचे काम यंत्राने पत्करले आहे. अधिकार नसेल तर ती उक्ती निवडताच येत नाही. म्हणजे उच्चार फसण्याचा प्रश्नच मिटला. मैत्रीपुरते पाहिले तर दांभिकतेलाही जागा नाही. (इतके सच्छील मित्र इतिहासाला फारसे ठाऊक नाहीत.) दुभाषाही नाही. पडद्यावरचा अधिपती आपल्या भाषेत बोलतो, पण त्याचा आशय खेळणाऱ्याच्या भाषेत तत्काळ आणि निःसंदिग्धपणे उमटतो.

प्रत्यक्षात वाद बहुधा शब्दांच्याच अधिकारावरून माजतो. इजिप्तमधील तेल-एल-अमार्ना येथे १८८७ साली सापडलेल्या मृत्तिकापट्टिकांत ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील राजांचा पत्रव्यवहार आहे. त्याची भाषा मुख्यतः अक्कडी, म्हणजे इजिप्तच्या राजालाही परकी. त्यात मोठे राजे एकमेकांस 'भाऊ' म्हणतात; मांडलिक मात्र इजिप्तच्या राजास 'माझा स्वामी', 'माझा सूर्य' असे संबोधितात. असीरियाचा अशुर-उबल्लित पहिल्या पत्रात 'भाऊ' हा शब्द वापरीत नाही. पुढच्या पत्रात तो स्वतःस मोठा राजा म्हणवून इजिप्तच्या राजास 'भाऊ' म्हणतो. बाबिलोनच्या बुर्नाबुरियाशने तर असीरियाचे लोक आपले मांडलिक असून आपण त्यांना धाडलेले नाही, अशी इजिप्तकडे तक्रारच केली. ज्या संबोधनाचा हक्क खेळात नियमाने मिळतो, तेच येथे कलहाचे मूळ आहे. संबोधन स्वीकारले गेले की दर्जाही पदरात पडतो, हे असीरियाच्या राजाने नेमके ओळखले होते.

ख्रिस्तपूर्व १२५९ च्या सुमारास हित्ती राजा तिसरा हत्तुशिली व इजिप्तचा दुसरा रामसेस यांच्यात झालेला तह याहून उद्बोधक आहे. परस्परांवर चाल न करणे, तिसऱ्याने हल्ला केल्यास साहाय्य करणे, पळालेल्यांना परत पाठविणे ही त्याची कलमे खेळातील लष्करी युतीची सहज आठवण करून देतात. परंतु तहाचा मजकूर एक नाही. हत्तुशा येथे सापडलेल्या अक्कडी प्रतीत तह करणारा, म्हणजे वाक्याचा कर्ता, रामसेस आहे. कर्नाकच्या भिंतीवरील इजिप्ती प्रतीत तो हत्तुशिली आहे. प्रत्येकाने आपल्याजवळ दुसऱ्याचे वचन ठेविले. त्याखेरीज कर्नाकच्या प्रतीला एक प्रस्तावना जोडली आहे. हित्ती दूत रुप्याच्या पट्टिकेवरील तह घेऊन शांततेची याचना करण्यास आले, असे ती सांगते. हत्तुशाच्या प्रतीत या याचनेचा उल्लेख नाही.