बाबांची चेनसॉ – भाग ४ : दोरी ओढण्याआधी

मागच्या भागात आपण करवत रबाळ्याच्या गाळ्यात टेबलावर घेतली आणि वर्षांचं भुसा-तेलाचं कीट खरवडून काढलं. आता हात आपोआप स्टार्टरच्या मुठीकडे जातो. माझाही गेला होता. पण थांबा. बंद पडून राहिलेली चेनसॉ आधी आतून पाहायची, मगच दोरी ओढायची.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनकडच्या आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घराच्या वाटेवर आंबा पडला. बाबा पंधरा दिवस ही करवत चालवत होते. काम संपल्यावर ती पडवीत गेली ती टाकीतल्या पेट्रोलसकट. तिथेच ती बिघडली. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरची बारीक भोकं त्यानेच बुजतात.

भोकं साफ करता येतात, पण खरा धोका रबराचा. इंधनाची नळी, कार्ब्युरेटरचा डायफ्राम, क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑईल सील, हे सगळं रबर वयाने कडक होतं, तडकतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. तडकलेल्या नळीतून किंवा सीलमधून इंजिन जास्तीची हवा ओढतं. चारचाकीत एवढ्याने गाडी नुसती अडखळेल. टू-स्ट्रोक इंजिनाला मात्र वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळतं. हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. इंजिन चढ्या आवाजात छान पळतंय असं वाटतं आणि आत पिस्टन सिलिंडरला घासून खरवडला जातो. बंद करवत एका दिवसात कायमची जाते ती अशी.

म्हणून प्लग काढा, सायलेन्सर उतरवा, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा आणि सायलेन्सरच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहा. उभे ओरखडे असतील आणि ते नखाला लागत असतील, तर इंजिन खोलावं लागेल. आमचा पिस्टन गुळगुळीत निघाला. रिंगही बोटाच्या दाबाने हलली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सीलसाठी कंपनीच्या पार्टची वाट पाहत बसू नका. जुन्या सीलवर बहुधा तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेच माप सीलच्या दुकानात सांगा आणि इथेनॉल सोसणारं रबर मागा. औद्योगिक वसाहतीत गाळा असण्याचं हे सुख आहे. सील, लेथ, वेल्डिंग, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर.

साखळीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. चेनसॉच्या साखळीत एक दात डावा, पुढचा उजवा अशी रचना असते. कॅलिपर लावला तर एका बाजूचे सगळे दात दुसऱ्या बाजूपेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर आखूड. बाबा उजव्या हाताचे. ज्या बाजूला कानस सहज चालायची तिथे जोर जास्त पडायचा. बाबांनी कापलेला ओंडका नेहमी थोडा तिरका उतरायचा. आम्ही तो लाकडाचा गुण समजत होतो, पण दात असमान असले की करवत एका बाजूला वळतेच.

उपाय एकच. सर्वांत आखूड दात शोधायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या मापावर आणायचे. आमच्या साखळीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. ३० अंशांचा कोन धरायचा आणि कानस फक्त पुढे ढकलायची, मागे घासत आणायची नाही. कानस हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. त्या दीड मिलिमीटरमध्ये बाबांचा हात होता. शेवटी ती साखळी तशीच तेलाच्या कपड्यात गुंडाळून ठेवली आणि बारवर नवी चढवली.

पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडू. आमच्या करवतीला साखळीचा ब्रेक नाही. अशी करवत कुठे चालवायची आणि कुठे अजिबात नाही, तेही बोलू. तोवर एवढं करा : तुमच्या पडवीत किंवा माळ्यावर अशी करवत पडून असेल, तर दुरुस्तीची घाई नाही, पण टाकीतलं पेट्रोल आजच काढून टाका.