ओबीला वाफसा येईल तेव्हा

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर परिसरात सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. ते माणसाने रचलेले आहेत. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचताना वरची माती, मुरूम, वालुकाश्म असं सगळं उपसून डंपरने बाहेर टाकलं जातं. खाणीतली माणसं त्याला ‘ओबी’, म्हणजे ओव्हरबर्डन म्हणतात. आज या भागातल्या अनेक ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीची दाट झुडपं माजली आहेत आणि त्यांत वाघ-बिबटेही वावरतात. वाघ आला म्हणजे जंगल परतलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण वाघाला आडोसा आणि शिकार मिळाली की पुरते. जमीन सावरली की नाही, हे मातीलाच विचारावं लागतं.

शेतकऱ्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल टिकून राहते आणि हवाही खेळते, ती अवस्था. ताज्या ओबीला वाफसा येत नाही. खाणकामात जमीन उलटीपालटी होते. जिवंत थर खाली गाडला जातो आणि खोलवरचा दगड वर येतो. त्यावरून अवजड डंपर फिरतात. चांगल्या शेतमातीची घनता घनसेंटिमीटरला साधारण १.१ ते १.४ ग्रॅम असते. ती १.६च्या पुढे गेली की बहुतेक मुळांना आत शिरणं जड जातं. पाणी मुरत नाही, उतारावरून वाहून जातं. म्हणून पहिली तपासणी घनतेची आणि पाणी मुरण्याच्या वेगाची.

कोळशाचा चकवा

दुसरी तपासणी रसायनांची. दगडात पायराइट हे गंधकयुक्त खनिज असेल, तर हवा-पाणी लागताच त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि मातीचा सामू घसरतो. सामू आणि क्षार मोजणं सोपं आहे. खरा चकवा सेंद्रिय कर्बात आहे. नमुन्यात कोळशाचा बारीक चुरा असला, तर नेहमीच्या चाचणीत त्याचाही काही भाग सेंद्रिय कर्ब म्हणून मोजला जातो. अहवालात माती सुपीक दिसते. प्रत्यक्षात तो २५ कोटी वर्षांहून जुना कोळसा असतो आणि रोपाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

म्हणून माती श्वास घेते का, हे पाहावं लागतं. सूक्ष्मजीव काम करत असतील तर मातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो मोजता येतो. जिवाणूंच्या डिहायड्रोजिनेज या विकराची चाचणीही हेच सांगते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या आणि दुर्गापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांवर याच जिवंतपणावर भर दिला. साखर कारखान्यातल्या प्रेसमडसारखा सेंद्रिय गाळ, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी हे सगळं त्यांनी रोपांसोबत दिलं. झाडाच्या आधी मातीची सोय लावायची, हा त्यामागचा विचार.

न लावलेली रोपं मोजा

वनस्पतींची पाहणी करताना लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे विचारलं जातंच. त्याहून मोलाची मोजणी न लावलेल्या रोपांची. ठरावीक मापाची चौकट जागोजाग टाकून आतलं प्रत्येक रोप नोंदवायचं. वाऱ्याने आलेला पळस-धावडा, प्राण्यांच्या विष्ठेतून आलेला तेंदू रुजतोय का? गळलेला पालापाचोळा कुजून मातीत मिसळतोय, की नुसताच साचतोय? शेजारच्या न खणलेल्या जंगलाचा तुकडा तुलनेला घ्यायचा. उपग्रहाच्या चित्रात हिरवा पट्टा वाढलेला दिसतो, तो उपयोगी आहे. पण नुसत्या हिरव्या छटेवरून एकाच जातीची लागवड आणि मिश्र जंगल यांतला फरक सहज कळत नाही. गोव्यातल्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळींनी उतार झाकला, धूप रोखायला मदत केली. तेवढ्यावरून स्थानिक जंगल परतलं, असं मात्र म्हणता येत नाही.

ही देखरेख किती काळ चालावी? अमेरिकेत १९७७च्या कायद्याने कोळसा खाणमालकाची जबाबदारी लागवडीनंतर ५ वर्षं, कोरड्या भागात १० वर्षं टिकते. तोवर अनामत पूर्ण सुटत नाही. आपल्याकडे कोळसा खाणी बंद करण्याच्या आराखड्यासाठी २००९पासून एस्क्रो खात्याची, म्हणजे त्यासाठीचे पैसे आधीच बाजूला ठेवण्याची अट आहे. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाण संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सांगितलं. पाया चांगला आहे. आता रोपांच्या आकड्यांसोबत घनता, मातीचा श्वास आणि आपोआप रुजलेली रोपं यांचे वर्षावर्षाचे आकडे खाणीलगतच्या गावांना मिळायला हवेत. ज्यांनी ही जमीन कधीकाळी कसली, त्यांना वाफसा ओळखायला शिकवावं लागत नाही. तो आला की नाही, हे ठरवताना त्यांनाही बांधावर बोलवा.