एकच जोडणी, अनेक विनंत्या

समजा, नांदूरघाटच्या (ता. केज, जि. बीड) एका शाळेतून केजच्या कार्यालयाला फोनवर पाच गोष्टी विचारायच्या आहेत. एक प्रश्न विचारून फोन ठेवायचा, दुसऱ्यासाठी पुन्हा नंबर फिरवायचा, असे आपण करत नाही. सुरुवातीच्या काळात वेबवरचे संगणक मात्र असेच बोलत. त्यात वेळ कसा वाया जाई, ते पाहू या.

माहिती मागणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट आणि ती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्यांच्या संभाषणाचे नियम म्हणजे एचटीटीपी. पण संभाषणाआधी सहसा टीसीपीच्या नियमांप्रमाणे जोडणी करावी लागते. क्लायंट विचारतो, ‘जोडू का?’ सर्व्हर म्हणतो, ‘जोडा.’ मग ‘बरे’ म्हणून क्लायंट खरी विनंती पाठवतो. म्हणजे पहिली जाऊन-येऊन फेरी नुसत्या जोडणीत जाते. उत्तर येते दुसऱ्या फेरीत.

आता हिशोब करू. नांदूरघाटहून न्यूयॉर्क सुमारे १३,००० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून एका फेरीला निदान ०.१३ सेकंद लागणारच. तार कितीही चांगली असली तरी हा वेळ कमी होत नाही. तिथल्या सर्व्हरवरून ४० लहान चित्रे एकामागून एक आणायची आहेत. दर वेळी नवी जोडणी केली तर ८० फेऱ्या, म्हणजे १०.४ सेकंद. एकच जोडणी वापरली तर ४१ फेऱ्या, म्हणजे सुमारे ५.३ सेकंद. संभाषण गुप्त ठेवायचे असेल तर प्रत्येक नव्या जोडणीला सहसा आणखी निदान एक फेरी लागते. तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने जोडणी चालू ठेवणे हाच नेहमीचा रिवाज ठरवला. क्लायंटने जोडणी जपून ठेवायची आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना तीच वापरायची. मात्र तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, उत्तर कुठे संपले हे कळले पाहिजे. पूर्वी जोडणी तुटली की उत्तर संपले असे समजत. आता उत्तराची लांबी आधी सांगावी लागते, किंवा ते मोजलेल्या तुकड्यांत पाठवावे लागते. क्लायंटने उत्तर पूर्ण वाचले नाही, तर उरलेला भाग पुढच्या उत्तरात मिसळतो.

दुसरे, उघड्या जोडणीसाठी सर्व्हरची स्मृती अडकते. म्हणून काही काळ शांतता राहिली की सर्व्हर ती बंद करतो.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. क्लायंटने विनंती पाठवली आणि नेमकी त्याच वेळी जोडणी तुटली, तर? चित्र पुन्हा मागायला हरकत नाही. पण विनंती ‘या विद्यार्थ्याचे नाव नोंदवा’ अशी असेल, तर ती डोळे झाकून पुन्हा पाठवली की नाव दोनदा लागू शकते. आधी नोंद झाली का, ते तपासायला हवे.

हे वर्गात करून पाहता येईल. व्हरांड्याच्या दोन टोकांना क्लायंट आणि सर्व्हर उभे करा. तिसऱ्या मुलाने चिठ्ठ्या पोचवाव्यात. पाच प्रश्नांना पहिल्या रीतीने १० फेऱ्या होतील, दुसरीने ६. मग नोंदणीची एक चिठ्ठी पाठवा आणि तिचे उत्तर वाटेत अडवा. क्लायंट झालेल्या मुलाला विचारा: सर्व्हरने नाव लिहिले असेल की नसेल? नुसते थांबून हे कळेल का?