‘स्वागत’ आणि ‘वेलकम’ : एका धातूचा मागोवा

मंगल कार्यालयाच्या कमानीवर ‘सुस्वागतम्’ लिहिलेले असते आणि आत शिरताना पायपुसण्यावर ‘वेलकम’. या दोन शब्दांचा अर्थ एक आहे, हे आपण जाणतोच. परंतु त्यांचे रक्ताचे नातेही आहे. स्वागत म्हणजे सु + आगत, आणि आगत हे ‘गम्’ धातूला ‘आ’ उपसर्ग लागून झालेले रूप. वेलकम हा प्राचीन इंग्रजीतील ‘विलकुमा’ (ज्याचे येणे हवेसे वाटते असा पाहुणा) या शब्दाचा वंशज. संस्कृत ‘गम्’ आणि इंग्रजी ‘कम’ हे एकाच धातूचे अवशेष होत. मात्र हे दोन्ही समास त्या त्या भाषेने स्वतंत्रपणे घडवले. वारसा आहे तो धातूचा, समासाचा नाही.

येथे विद्यार्थ्याच्या मनात शंका येते. ‘गम्’ म्हणजे जाणे आणि इंग्रजी ‘गो’ म्हणजेही जाणे. दोन्हींच्या आरंभी ‘ग’. मग नाते या दोघांचे का नसावे? या प्रश्नाचे उत्तर समजले, तर तुलनात्मक भाषाविज्ञानाची निम्मी पद्धत समजली असे म्हणता येईल. नाते उच्चारसाम्यावर ठरत नाही. ते ध्वनींच्या नियमित संवादावर ठरते. संस्कृतात जेथे ‘ग’ आहे, तेथे समान वारशाच्या जर्मानिक शब्दात ‘क’ अथवा ‘क्व’ मिळतो. संस्कृत ‘गो’ (गाय) आणि इंग्रजी ‘काउ’ ही जोडी पाहा. उलट इंग्रजी ‘ग’ हा मूळच्या महाप्राण ध्वनीपासून आलेला असतो. म्हणून इंग्रजी ‘गो’ या क्रियापदाचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘हा’ (जिहीते) या धातूशी जोडला जातो. दिसायला सारखे असलेले दोन शब्द परके ठरतात आणि ‘गम्-कम’ सगे ठरतात.

मूळ धातू ‘*ग्वेम्’ असा लिहितात. आधीची तारका सांगते, की हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही. ते वंशज भाषांवरून अनुमानलेले आहे. आरंभीचा ध्वनी म्हणजे ओठ गोल करून उच्चारलेला ‘ग’. संस्कृताने ओठांचा गोलावा सोडला व ‘ग’ राखला. ग्रीकने ओठांचा अंश धरला आणि या धातूत ‘ब’ केला : ‘बाइनो’ (मी पाऊल टाकतो, चालतो). लॅटिनमध्ये ‘व’ उरला : ‘वेनिओ’ (मी येतो). गॉथिकमध्ये ‘क्विमन’, इंग्रजीत उ-कारापूर्वीचा ‘व’ गळून ‘कुमन’ व पुढे ‘कम’. हाच क्रम अन्यत्रही दिसतो. संस्कृत ‘जीव’, ग्रीक ‘बिओस’, लॅटिन ‘वीवुस’, इंग्रजी ‘क्विक’ (मूळ अर्थ जिवंत) ही शब्दमाला पाहा. ‘जीव’मध्ये पुढील इ-कारामुळे ‘ग’ तालव्य होऊन ‘ज’ झाला आहे. मात्र गायीला लॅटिनमध्ये ‘बोस’ म्हणतात, ‘वोस’ नव्हे. नियम मोडला काय? नाही. हा शब्द लॅटिनने शेजारच्या इटालिक बोलीतून उसना घेतला, आणि तेथे ‘ब’ हाच नियमित होता. अपवाद दिसला की नियम टाकून न देता कारण शोधावे.

आता धातूच्या शेवटाकडे वळू. ‘गम्’पासून ‘गम्त’ न होता ‘गत’ का होते? पाणिनी येथे अनुनासिकाचा लोप सांगतो. ऐतिहासिक दृष्टीने पाहता तेथे लोप नसून रूपांतर आहे. ‘ऋ’ हा जसा स्वररूप ‘र’, तसा मूळ भाषेत स्वररूप ‘म्’ होता. संस्कृत व ग्रीकमध्ये त्याचा ‘अ’ झाला, लॅटिनमध्ये ‘एम्’ (त-कारापूर्वी ‘एन्’), जर्मानिकमध्ये ‘उम्’. त्यामुळे संस्कृत ‘गति’, ग्रीक ‘बासिस’ (पाऊल, पुढे पाया) आणि गॉथिक ‘गक्वुम्थ्स’ (सभा, म्हणजे एकत्र येणे) यांची घडण एकच ठरते. लॅटिन ‘वेंतुस’ हा ‘गत’चा सख्खा भाऊ, ‘इव्हेंट’ शब्दात तो आजही ऐकू येतो. ‘डायबेटीस’ही याच कुळातला : ग्रीक ‘दिआ’ (आरपार) अधिक ‘बाइनो’; शरीरातून पाणी आरपार निघून जाते, या लक्षणावरून दिलेले नाव.

जाणे आणि येणे हे विरुद्ध अर्थ एकाच धातूत कसे? मूळ अर्थ बहुधा ‘पाऊल टाकणे’ हा असावा. पाऊल कोणत्या दिशेने, हे संस्कृतात उपसर्ग ठरवतो : गमन, आगमन, निर्गमन. लॅटिन व जर्मानिकमध्ये ‘येणे’ हा एकच अर्थ रूढ झाला.

मराठीत या धातूचे तत्सम शब्द विपुल आहेत, परंतु बोलीच्या रक्तात मुरलेले रूप आहे ‘गेला’. संस्कृत ‘गत’, प्राकृत ‘गअ’ अथवा ‘गय’, त्यास ‘इल्ल’ प्रत्यय, आणि ‘गेला’. मूळ धातूचा केवळ ‘ग’ उरला. ‘जातो’ मात्र ‘या’ धातूपासून आला आहे. एकाच क्रियापदाच्या रूपावलीत दोन भिन्न धातू नांदतात. इंग्रजी ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हाही अशाच परक्या धातूचा आहे.

स्वयंअध्ययनासाठी : ग्रीक ‘बारुस’ या विशेषणाचा अर्थ जड, ‘बॅरोमीटर’मध्ये त्याच्याशी संबंधित नाम आले आहे. वरील ध्वनिनियम लावून त्याचा संस्कृतातील सगोत्र शब्द शोधा आणि तो मराठीत आज कोणत्या अर्थांनी वापरला जातो, ते लिहा.