कादंबरीतले माणूस उभे राहते ते कशाने?

'धग' वाचून वीस वर्षे झालेल्या वाचकाला कथानक विचारा, तो अडखळेल. कौतिकबद्दल विचारा, शेजारच्या बाईविषयी बोलावे तसा बोलू लागेल. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातल्या एका गरीब शिंपी कुटुंबाची ती कहाणी. कौतिकचे नाकडोळे कसे होते हे फारसे कुणाला आठवत नाही. आठवते ती संसार उभा करण्याची तिची धडपड.

नव्याने कादंबरी लिहू पाहणारे बहुतेक जण नेमके उलटे करतात. आधी उंची, रंग, कपाळ; मग 'तो अत्यंत स्वाभिमानी होता' असे एक वाक्य. वाचक ते ऐकून घेतो, पण मानत नाही. या माणसाला काय हवे आहे आणि त्यासाठी तो काय गमावायला तयार आहे, हे कळल्याशिवाय पात्राला धुगधुगी येत नाही. कौतिकचा नवरा महादेव कष्टाला मागे. त्याला खलनायक करणे सोपे होते. शेळक्यांनी ते टाळले. म्हणूनच त्याला महारोगाने गाठले की त्याच्यावर चिडलेल्या वाचकालाही त्याची कणव येते.

आता हीच गोष्ट आपल्या पारशिवनीच्या शिवारात आणून पाहू. पेंचवर नवेगाव खैरीचे धरण आहे. त्याचे पाणी नागपूरला प्यायला जाते, कालव्याने शेतालाही मिळते. समजा, कालव्याच्या अगदी शेवटाला दोन भावांचे धान आहे. पाण्याची पाळी रात्री दोनची. थोरला बॅटरी घेऊन जातो आणि धाकट्याच्या बांधीकडे जाणारा पाट बुजवून पाणी आपल्याकडे वळवतो. झाला लबाड! पण त्याच सकाळी तो धाकट्याच्या तापलेल्या पोरीला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेतो. वाटेत धाकट्याची कोरडी बांधी लागते. तो मान दुसरीकडे वळवतो. आता 'लबाड' हा शब्द पुरत नाही, 'प्रेमळ'ही पुरत नाही. लेखकाने त्या वळलेल्या मानेशी थांबावे. 'त्याला मनातून अपराधी वाटत होते' हे वाक्य लिहिले की सगळे पाण्यात.

बोलण्याचेही तसेच. आपल्याकडचा माणूस 'मले' म्हणतो, 'काय करून राहिला?' असे विचारतो. लेखक मात्र लाजतो आणि त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतो. दुसरे टोक याहून वाईट, म्हणजे बोली फक्त हसवण्यापुरती वापरायची. 'धग'मधले वऱ्हाडी संवाद राग, दुःख, पैशाची ओढाताण सगळे पेलतात. शिवाय एकच माणूस तलाठ्याशी एक बोलतो, बायकोशी दुसरे आणि बैलाशी तिसरे. (बैलाशी बहुधा सर्वांत खरे.)

स्वतः भोगलेलेच लिहावे का? हरि नारायण आपट्यांचा जन्म १८६४चा. 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक'मधून १८९०पासून येऊ लागली, तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते. कादंबरीत बोलते ती यमू, बालपणीच लग्न झालेली आणि पुढे विधवा होऊन केशवपनाचा जुलूम सोसणारी मुलगी. एक तरुण पुरुष एका मुलीच्या तोंडून 'मी' म्हणतो आणि वाचक ते मान्य करतो. हे केवळ कळवळ्याने साधत नाही. घरात कोण कुणासमोर बोलते, कोण गप्प बसते, कुणाचा शब्द अखेरचा ठरतो, याची खडान्‌खडा माहिती लागते.

आपल्या दोन भावांचे पुढे काय? धाकट्याला कळते, थोरल्याची बांधी ओली आणि आपली कोरडी, हे उजाडल्यावर लपत नाही. तो भांडत नाही, पोरीच्या औषधाचे पैसे तेवढे मोजून परत करतो. पुढच्या पाळीला रात्री एकलाच कालव्यावर जाऊन बसतो. दोनला थोरला येतो. धाकटा काही न बोलता थोडा सरकून त्याला बसायला जागा करून देतो.